माता गटातला बाप

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी वस्तीवर ट्रक आला. गेली सात वर्षं बिभीषण आणि सविता त्या ट्रकात बरोबर चढत होते. या वर्षी सविता एकटी चढली. खाली बिभीषण कुबडीवर उभा, आणि त्याच्या कमरेला धरून सृष्टी.

मागच्या हंगामात उसाची ट्रॉली भरताना फळी सरकली आणि मोळीसकट बिभीषण खाली आला. उजव्या मांडीचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात आत सळई घातली, पण पाय दोन बोटं आखूड झाला आणि गुडघ्यात वाकायचा बंद झाला. ऊसतोडीला तर जोडी लागते. सविताच्या भावाची बायको नुकतीच बाळंत झालेली, म्हणून या बहीणभावांनी जोडी लावली. सृष्टीला सहावं लागायचं होतं. आजवर दर हंगामात ती आईबापाबरोबर कारखान्याजवळच्या खोपीवर गेलेली. अंगणवाडी तिला दरवर्षी निम्मीच मिळाली होती. येत्या जूनला पहिलीत घालायची म्हणून या खेपेला तिला मागं ठेवलं.

"सकाळी उटल्यावर तिचं डोकं इचरा. लई गुंता हुतोय," ट्रकातून सविता म्हणाली.

"इचरतो."

"आन् नानांच्या घरचं किती दिस खाल? बघा कायतरी."

ट्रक हलला. सृष्टी रडली नाही. धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "पप्पा, आता भाकर कोन करनार?"

नाना म्हणजे बिभीषणचा थोरला भाऊ बजरंग. त्याचं घर शेजारीच, मध्ये नुसती बाभळीच्या काट्यांची वई. पहिले आठ दिवस त्याच्याकडून भाकरी आल्या. नवव्या दिवशी सृष्टी टोपलं घेऊन गेली, तेव्हा बजरंग ओट्यावर तंबाखू मळत होता. "आली का फुकटची पंगत," असं तो हसत बोलला. सृष्टीनं घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. बिभीषणनं टोपलं तसंच परत धाडलं आणि पीठ मळायची काटवट पुढं ओढली.

चुलीपुढं बसायचं म्हणजे त्याचा उजवा पाय सरळ जाळाकडं जाई. म्हणून तो पाटावर आडवा बसला, पाय दाराकडं, तोंड चुलीकडं, आणि कमरेत पीळ. पहिली भाकर काटवटीतच चिरली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी जरा गोल झाली, पण एका कडेला जाड, एका कडेला कागदासारखी.

"ही भाकर न्हाई, पप्पा. हा नकाशा हाय," सृष्टी म्हणाली.

"खा गप."

तिनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. पंधरा दिवसांत भाकर फुगायला लागली, आणि बिभीषणच्या मनगटावर तव्याचे तीन चटके उठले.

डिसेंबरात शाळेतून निरोप आला. जूनला पहिलीत येणारी पोरं घेऊन या. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं एक लिंब. पंकजा मॅडम दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, मूळच्या नगरच्या सावेडीतल्या. जवळच्या खर्डा गावात खोली घेऊन राहायच्या आणि स्कूटीवर वस्तीवर यायच्या. लिंबाखाली अकरा पोरं जमली. बजरंग आणि त्याची बायको आरती त्यांच्या पोराला, पार्थला, घेऊन आले होते.

पार्थनं हात मागं बांधून एक ते पन्नास म्हणून दाखवलं, एका दमात. बजरंगनं सगळ्यांकडं बघितलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता तिथले पाच खडे मला आणून दे."

पार्थनं ओंजळभर आणले. सृष्टीनंही ओंजळभरच आणले, पण तिला पन्नासपर्यंत म्हणताही येत नव्हतं. ती सातावर थांबली आणि तिथून एकदम वीस म्हणाली. पोरं हसली. सृष्टीनं बापाच्या लुंगीत तोंड खुपसलं.

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजणं घरात शिकता येतं. ताटं मांडताना, कांदे निवडताना, पाणी भरताना. मी कागद देते. आयांचा गट करायचा. दर मंगळवारी दुपारी तासभर जमायचं, एकमेकींना सांगायचं आणि घरी जाऊन पोरांबरोबर करायचं."

त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. आरती धरून अकरातल्या चौघांच्या आया समोर होत्या. बाकीच्या सातही जणी कारखान्यावर. मॅडमची पेन्सिल थांबली.

"मग या चौघींचा गट आत्ता करू. बाकीच्यांच्या आया चैत्रात आल्या की बघू."

नातवंडांना घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माना हलवून उठायला लागल्या. बिभीषण उठला नाही.

"मॅडम, चैतात आल्यावर किती दिस उरत्यात? उनाळा. तवर ह्या पोरींनी काय करायचं?"

"तुमचं बरोबर आहे. पण गट आयांचा आहे ना."

"हिची आय कारखान्यावर हाय. मी हितं हाय. मला द्या कागद."

चारही बाया पदराआड हसल्या. मॅडमनं त्याच्याकडं पाहिलं, कुबडीकडं पाहिलं, आणि कागद दिला.

पहिला मंगळवार त्या चौघींतल्या रेश्माच्या पडवीत ठरला. रेश्मा बारावी शिकलेली, म्हणून तिला गटाची पुढारी केलेलं. बिभीषण धुतलेला सदरा घालून सृष्टीला घेऊन गेला. पडवीत चौघी बसल्या होत्या. तो दारात येताच बोलणं थांबलं आणि चारही पदर पुढं ओढले गेले.

"भाऊ, काय पायजे हुतं?" रेश्मानं विचारलं.

"कायबी न्हाई. आज मंगळवार हाय ना."

रेश्मा गोंधळली. "बसा की," ती म्हणाली, पण कुठं ते म्हणाली नाही. बिभीषण पडवीच्या बाहेर, उंबऱ्याला टेकून खाली बसला. खाली बसणं त्याला जमायचं, उठणं अवघड. आतल्या बोलण्यातलं अर्धं त्याला ऐकू येत होतं. वाट्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या. दोन लाल बांगड्या, एक हिरवी, मग पुढं कोणती ते पोराला विचारायचं. तो मान पुढं काढून ऐकत होता, तेवढ्यात रेश्माचा नवरा कानिफनाथ शेतावरून आला.

"हे काय रं बिभीषणा? बायांच्या घोळक्यात?"

"पोरीसाठी आलोय. बाहीरच बसलोय."

"बाहीर काय न् आत काय. माझ्या घरात गडी मानसांची बसायची जागा तिकडं हाय, गोठ्यापशी. ऊठ."

बिभीषणनं कुबडी रोवली. पहिल्या झटक्यात उठता आलं नाही. दुसऱ्या झटक्यात कुबडी सरकली आणि तो हातावर आला. कानिफनाथ बघत उभा राहिला, पण पुढं झाला नाही. सृष्टीनं खांदा दिला. तिच्या एवढ्याशा खांद्यावर भार टाकताना बिभीषणच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आत रेश्मा खाली बघत बांगड्या गोळा करत होती.

वाटेत सृष्टी म्हणाली, "आपल्याला हाकलून दिलं का?"

"व्हय."

"मंग आता?"

"आता घरी करू."

घरी वाट्या दोनच होत्या आणि त्याही सारख्या. बांगड्या सविता घालून गेलेली. बिभीषणनं कागद उलटसुलट पाहिला, घडी घालून फळीवर ठेवला आणि घरात जे होतं ते पुढं घेतलं.

ताटांनी सुरुवात केली. "जेवनारी मानसं किती, तेवडी ताटं मांड." सृष्टीनं तीन मांडली. एक बापाचं, एक तिचं, एक आईचं. बिभीषणला ते उचल म्हणवेना. दोन दिवस तिसरं ताट रिकामं मांडलं गेलं. तिसऱ्या दिवशी सृष्टीनंच ते उचलून भिंतीशी उभं केलं. "आईला तिकडं हाय ताट," ती म्हणाली. "हितं दोनच."

भाकरीचं तिला आवडलं. तो मुद्दाम पाच लहानमोठ्या भाकरी करायचा, आणि ती सगळ्यात धाकटी वर येईल अशी चवड लावायची. दोन सारख्या दिसल्या की एकीवर एक ठेवून, डोळा बारीक करून बघायची. हुलग्यात मटकी मिसळून दिली तर ती दोन्हीचे ढीग वेगळे करायची आणि ढिगाकडं बघूनच कोणता जास्त ते सांगायची. हंडा किती तांब्यांनी भरतो त्यावर दोघांची पैज लागायची.

पाच मात्र काही केल्या येईनात. "पाच कांदे दे," म्हटलं की ती सुपाकडं जायची, "एक दोन तीन चार पाच" म्हणायची आणि कधी तीन आणायची, कधी आठ. बिभीषण जवळ बसून बघायला लागला. तिचं तोंड पुढं पळत होतं आणि हात मागं राहत होता. एका कांद्यावर दोन आकडे जात, नाहीतर दोन कांद्यांवर एक.

तिसऱ्या दिवशी त्याचा पाय सकाळपासून ठणकत होता. थंडीत सळई आतून गारठायची. सृष्टीनं पाचाच्या जागी पुन्हा सात कांदे आणले.

"एवडं डोस्क्यात शिरंना तुज्या!" तो ओरडला. "दगूड हायेस का?"

सृष्टीनं हातातला कांदा चुलीत फेकला आणि बाहेर पळाली. लिंबोणीच्या आळ्यात जाऊन बसली. बिभीषणनं हाक मारली नाही. आपण कानिफनाथासारखे ओरडलो, हे त्याला कळलं होतं. बऱ्याच वेळानं निखाऱ्यातून वास सुटला. त्यानं काडीनं कांदा बाहेर ओढला. वरून काळा, आतून मऊ झालेला. तो घेऊन तो लंगडत आळ्यापाशी गेला.

"खातीस का?"

"अर्धा."

"अर्धा म्हंजी?"

"तुमाला आन् मला सारखा."

त्यानं कांदा मोडला. एक तुकडा मोठा झाला. सृष्टीनं त्यातला थोडा तोडून लहानाला जोडला, दोन्ही तळहातांवर ठेवून तोलला, मग एक बापाला दिला.

दुसऱ्या दिवशी बिभीषणनं कागदावर नसलेलं काहीतरी केलं. हाताचा पंजा बोटं फाकवून जमिनीवर ठेवला. "तोंड मिटायचं. कायबी म्हनायचं न्हाई. एका बोटाम्होरं एक कांदा ठिव." तिनं ठेवला. पुढच्या बोटापुढं पुढचा. अंगठ्यापुढंही एक. "झालं? आता ह्येला म्हनायचं पाच." तिनं पंजाकडं बघितलं, कांद्यांकडं बघितलं. मग स्वतःचा पंजा खाली ठेवला आणि कांदे तिकडं सरकवले. मग चुलीकडं गेली, लाकडं आणली, पंजापुढं ठेवली. मग बापाच्या चपला, तिच्या चपला आणि उलथनं. त्या दिवशी घरातली एकही वस्तू जागेवर राहिली नाही.

पुढच्या मंगळवारी, गटाच्या वेळेला, बिभीषणनं पाट बाहेर अंगणात आणला, रस्त्याला तोंड करून. काटवटही आणली. अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली आणि भाकरी थापायला बसला. रस्त्यानं जाणारा येणारा बघत होता. सृष्टी मोठ्यानं भाकरी मोजत होती. वईपलीकडून बजरंगनं दोनदा खाकरून पाहिलं, मग तो आतच आला.

"काय चालवलंयस? त्या कानिफनाथानं पारावर समद्यांना सांगितलं, तू बायांत जाऊन बसतूस म्हनून. आता रस्त्यावर भाकरी बडवतूयस. भावकीत मला तोंड दावायला जागा ठिवनार हायेस का न्हाई?"

"तुझ्या तोंडाचं मी काय करू, नाना?"

"चुलीपुढं बसाया लाज कशी वाटत न्हाई? पोरगी माझ्या घरात टाक. आरती सांभाळील."

"पोरगी हितंच ऱ्हाईल."

"थांब. सविताला इचारू, तिला काय वाटतंय त्ये." बजरंगनं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. रस्त्यावर चारदोन माणसं थांबली होती. पलीकडून आधी उसाच्या वाळल्या पाचटाची सळसळ आली, मग सविताचा दम लागलेला आवाज.

"भाऊजी? काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"पोरगी बरी हाय. तुझा नवरा बरा न्हाई. बायांत जाऊन बसतूय, अंगनात भाकरी थापतूय, लोकं हसत्यात. तू समजाव त्येला."

पलीकडं मोळी खाली टाकल्याचा आवाज आला.

"भाऊजी," सविता म्हणाली, "मी हितं डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढती. गडी मानसाचं काम हाय त्ये. सात वर्सं चढती. तवा कुनी तुमाला पारावर हसलं का?"

बजरंग आवाज कमी करायचं बटण शोधायला लागला.

"मी फळीवर चढलेली चालती, आन् त्यो चुलीपुढं बसलेला चालत न्हाई व्हय? फोन सृष्टीला द्या."

सृष्टीनं फोन दोन्ही हातांत धरला. "आई, मला पाच येत्यात! पाच कांदं, पाच लाकडं, पाच समदंच!"

"व्हय का गं माझे बाय," सविता म्हणाली, आणि पुढं तिचा आवाज नीट आला नाही. मुकादमाची हाक ऐकू आली आणि फोन बंद झाला.

रस्त्यावरची माणसं पांगली. एकटी राहीबाई तेवढी थांबली. तिचा मुलगा आणि सून कारखान्यावर, आणि दिशा नावाची नात तिच्याजवळ. म्हातारी रस्त्यावरूनच बोलली, "बिभीषणा, मला लिवता येत न्हाई. मोजता येतं विसापातुर. मी आले तर चालंल का?"

"मला तरी कुटं लई येतं, मावशी. या."

राहीबाई आली, सोबत सूप घेऊन. त्याच्या पुढच्या मंगळवारी गोरक्षनाथ आला. साठीचा गडी, तोही नातवाला सांभाळायला मागं राहिलेला. त्याचं म्हणणं, आपल्याला फक्त तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, पेंढ्या बांधता येतात. बिभीषण म्हणाला, मग तेच. पोरांनी दहा-दहा तुराट्या मोजून पेंढ्या बांधल्या. एक पेंढी आणि वर तीन सुट्या, म्हणजे तेरा. हे गोरक्षनाथाला आधीपासून येत होतं, पण ते गणित आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शिवरात्रीपर्यंत आया कारखान्यावर असलेली सातही पोरं त्या अंगणात यायला लागली.

फाल्गुनात ऊन चढलं. एका मंगळवारी पंकजा मॅडम अचानक आल्या. मोबाईल हातातच होता. त्यांनी पोरांकडून मोजून घेतलं, पेंढ्या सोडून पुन्हा बांधायला लावल्या, दिशाला वजाबाकी विचारली. मग मोबाईल सुरू केला.

"मला वर फोटो पाठवायचाय," त्या म्हणाल्या. "गटाचा. पण फोटोत माता दिसायला हव्यात. रेश्माताईंना आणि त्या तिघींना पाच मिनिटं इथं बोलावू का? तुम्ही जरा बाजूला..."

बिभीषणनं हातातलं पीठ झाडलं. "त्या बाया माझ्या अंगनात कधी आल्या न्हाईत, मॅडम. मला त्यांच्या उंबऱ्यावरनं उठवलं. आज फोटोला बसवून मी कडंला व्हायचं?"

"मला तुमचा अपमान करायचा नाही. पण वर विचारतात."

"इचारू द्या. काढायचा तर जे हायेत त्यांचा काढा. न्हाई तर काढूच नका. पोरांचं मोजनं फोटोवाचून आडलेलं न्हाई."

राहीबाई पदर सारखा करून मुद्दाम त्याच्या शेजारी सरकली. गोरक्षनाथानं टोपी नीट केली. मॅडम मागं सरकल्या आणि त्यांनी फोटो काढला. ताठ पाय पुढं पसरलेला बिभीषण, राहीबाई, गोरक्षनाथ, आणखी दोन म्हाताऱ्या, सात पोरं, आणि मध्ये तुराट्या.

"जो आहे तोच पाठवते," त्या म्हणाल्या. "बघू काय म्हणतात."

बिभीषणनं चहा ठेवला. "सृष्टे, मोठी मानसं मोज आन् तेवडे कप आन."

सृष्टी बसलेल्यांतून फिरली. मॅडम, राहीबाई, गोरक्षनाथ, दोन म्हाताऱ्या, बाप. वईपाशी बजरंग उभा होता. तो हल्ली मंगळवारी तिथं काहीतरी काम काढायचा.

"मला न्हाई का गं चा?" त्यानं विचारलं.

"तुमी उबं हाय, नाना," सृष्टी म्हणाली. "मी बसलेलीच मोजती. बसा, मंग मोजती."

म्हाताऱ्या हसल्या. बजरंगनं अंगणात बघितलं. बसायचं तर त्या म्हाताऱ्यांच्या ओळीत, पोरांच्या तुराट्या बाजूला सारून बसायला हवं होतं. त्यानं तंबाखूची डबी काढली, परत ठेवली. "म्हशीला पानी पाजायचं हाय," असं म्हणून गेला. सृष्टीनं सहा कप आणले.

पुढच्या मंगळवारी आरतीनं पार्थला वईतून अलीकडं ढकललं आणि काही न बोलता आत निघून गेली.

गुढीपाडवा होऊन आठ दिवस झाले आणि ट्रक परतला. सविता उतरली ती वाळून अर्धी झालेली. चेहरा काळवंडलेला, तळहातांना पानांच्या कडांनी चिरलेल्या रेघाच रेघा, केस मातीनं ताठ. सृष्टी तिला चिकटली ती सुटेना. बिभीषणनं पाणी तापवलं, तिच्या पायांवर ओतलं. त्यानं केलेली भाकर तिनं उलटून पाहिली, कडेनं मोडून पाहिली आणि म्हणाली, "माझ्याहून पातळ करता की."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळीच रेश्मा आली. दारात उभी राहून, जरा अवघडून बोलली.

"सविताबाई, आता तू आलीस, बरं झालं. दुपारी माझ्याकडं ये. गटात तुझं नाव हाय. आता भाऊंना त्रास नको."

वईपलीकडून बजरंगचाही आवाज आला. "आता तरी घरच्या बाईनं घरचं बघावं."

सविता खांबाला टेकून बसली होती. तिनं रेश्माकडं बघितलं, वईकडं बघितलं.

"मला न्हाई येत त्ये," ती म्हणाली.

"येतं गं. आय हायेस तू. आपसूक येतं."

"आपसूक कायबी येत न्हाई. त्यांनी चार म्हैनं बसून शिकलंय. मी ऊस तोडलाय." तिनं सृष्टीला मांडीवरून उतरवलं. "तुला शिकायचं असंल तर तूच ये दुपारी. हितंच असतूय गट."

रेश्मा अंगणातल्या तुराट्यांकडं बघत परत गेली.

दुपारी राहीबाई आली, गोरक्षनाथ आला, पोरं आली. कारखान्यावरून परतलेल्या दोन आया आल्या आणि बावरून कडेला बसल्या. बिभीषणनं काटवट पुढं ओढली आणि पाय दाराकडं करून बसला. सविता उठली, घोंगडी घेतली, पडवीत सावली होती तिथं अंथरली आणि सगळ्यांच्या देखत, उजेडात, आडवी झाली. पदर तोंडावर घेतला. अंगणात पोरं तुराट्या मोजत होती. सतरापर्यंत तिनं ऐकलं असेल. पुढचं तिला ऐकू आलं नाही.